छातीचा फोटो

मीटिंग ऐन रंगात आलेली असते. बॉस टार्गेटवर बोलत असतो, सगळे लॅपटॉपकडे बघत गंभीर चेहरे करून बसलेले असतात आणि नेमका तेव्हाच तो येतो. आधी घशात नुसती गुदगुली. तुम्ही आवंढा गिळता, पाणी पिता, श्वास रोखून धरता. आणि मग जो ठसका लागतो, तो बॉसचं अख्खं वाक्य गिळून टाकतो. शेजारचा हळूच खुर्ची दोन इंच बाजूला घेतो. कोविडनंतर खोकणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते काय सांगायला हवं? खिशात बॉम्ब असल्यासारखे!

गेले अडीच महिने ही नजर मी झेलत होते. उपाय नाही केले असं नाही हं. आईचा आलं-तुळशीचा काढा झाला, मैत्रिणीचं मध-मिरी झालं, कोपऱ्यावरच्या केमिस्टकाकांनी दिलेलं लाल सिरप झालं, मग हिरवं झालं. मध्ये एकदा कुणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिक्सही घेऊन झाल्या (हे करू नका, मी केलं म्हणून सांगतेय). कारणंही तयारच होती. सीझन आहे, पोल्युशन आहे, ऑफिसचा एसी आहे, मेट्रोच्या कामाची धूळ आहे. डॉक्टर? अहो, वेळ कुठे आहे?

शेवटी एका मित्रानं फंडा दिला. ‘सरळ सीटी स्कॅन करून टाक. एकदाच काय तो निकाल. माझ्याकडे हेल्थ पॅकेजची डिस्काउंट लिंक आहे.’ मला पटलंच! सगळ्यात महाग टेस्ट म्हणजे सगळ्यात बेस्ट टेस्ट, हा तर आपला फोन घेतानाचाही नियम. मी फॉर्म भरला, तारीख निवडली, पेमेंट तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात एका स्टोरीच्या कामासाठी जव्हारला जाणं झालं.

ही वांगणी वेगळी

जव्हार म्हणजे आपल्या वीकेंडवाल्यांचं ‘ठाण्याचं महाबळेश्वर’. दाभोसा धबधबा, जुना राजवाडा, वारली पेंटिंग, धुक्यातले सेल्फी. २०१४ पासून मात्र ते पालघर जिल्ह्यात आहे. मनोरहून विक्रमगडमार्गे वर चढलात की गाडीतली गाणी आपोआप बंद होतात, कारण खिडकीबाहेर बघण्यासारखं बरंच असतं. मला जायचं होतं ते तिथल्या वांगणीला. ‘वांगणीला चाललेय’ म्हटल्यावर ऑफिसातली एक जण म्हणाली, ‘अगं, मग कर्जत लोकल पकड ना!’ नाही, बदलापूरच्या पुढचं स्टेशन ती वांगणी वेगळी. ही जव्हारच्या डोंगरातली. तिचं नाव जुन्या पत्रकारांना ‘वावर-वांगणी’ असं जोडीनंच आठवतं. १९९२ मध्ये इथे कुपोषणानं लहान मुलं गेली आणि हे नाव राज्यभर पोचलं. माझ्या पिढीनं ते मास कॉमच्या वर्गात ऐकलं, इतकंच.

तिथे एका घराच्या ओट्यावर एक मावशी सुपात नागली पाखडत बसल्या होत्या. माझ्यासोबत गावच्या आशाताई होत्या. मी वही काढली, पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि लागला ठसका. चांगला मिनिटभर. मावशींनी सूप खाली ठेवलं, पाणी दिलं आणि माझा प्रश्न राहिला बाजूला, त्यांनीच मला विचारलं,

‘कधीपासून खोकतेस गं?’

‘झाले अडीच महिने, मावशी.’

‘मग फोटू काढलास का छातीचा?’

मी हसले. मावशी हसल्या नाहीत.

मला वाटलं होतं, प्रश्न मी विचारणार. पण हा प्रश्न मला अडीच महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. ना मीच मला, ना त्या डिस्काउंट लिंकवाल्यानं.

भाडं कोण देणार?

मग मावशींनी स्वतःची गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी घरं कुलूप लावून खाली उतरतात. भिवंडी, वसई, कल्याण, जिथे वीटभट्टी असेल, बिल्डिंगचं काम असेल तिथे. तुमचं-माझं ऑफिस ज्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आहे ना, त्याच्या विटा कुणी थापल्या असतील, याचा कधी विचार केलाय? मावशीही सहकुटुंब भट्टीवर गेल्या होत्या. तिथे खोकला सुरू झाला. धुळीचा असेल, धुराचा असेल, असं म्हणत सीझन काढला. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली, ती फेडायची होती. दवाखान्यात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार आणि जीपचं भाडं वर. सरकारी दवाखान्यात फोटो फुकट होता, पण त्या फोटोपर्यंत जायचं भाडं कोण देणार?

पावसाच्या तोंडावर त्या गावी परतल्या तेव्हा पोलकं सैल व्हायला लागलं होतं. संध्याकाळी कणकण यायची. आशाताईंनी नाव लिहून घेतलं. मग गावात शिबिर झालं, त्यात हातात धरायचं छोटं एक्स-रे मशीन आलं होतं. ‘एवढंसं, लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखं,’ मावशी म्हणाल्या. फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला. मग बेडका तपासला. टीबी निघाला. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी झाली. आता मावशींच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी शेवटचा महिना चालू होता. खोकला गेला होता, सूप परत हातात आलं होतं.

‘चार महिने आधी काढला असता फोटू, तर एवढं वाळली नसते,’ त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, ‘तुमच्याकडं तर दारातच असेल की मशीन.’

होतं ना. माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक डायग्नॉस्टिक सेंटर आहे. रोज त्याच्या समोरून खोकत जात होते मी.

डॉक्टर काय म्हणाले?

परत आल्यावर पेमेंट न करता आधी छातीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. म्हटलं, आता एकदाचं विचारूनच टाकू. त्यांनी मशीनच्या आधी वीस मिनिटं प्रश्नच विचारले. खोकला कोरडा की कफाचा? रात्री की दिवसा? ताप? वजन? रक्त? सिगरेट? घरात कुणाला टीबी होता का? रात्री जेवण किती वाजता? नाक चोंदतं का? बीपीची गोळी चालू आहे का? (हे शेवटचं आई-बाबांसाठी लक्षात ठेवा. रामिप्रिल, एनॅलाप्रिल या गटातल्या बीपीच्या गोळ्यांमुळे काही जणांना महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.)

मग त्यांनी फंडा क्लिअर केला. तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला बहुतेक वेळा सर्दी-व्हायरसचा, आपला आपण जाणारा. तीन ते आठ आठवडे म्हणजे रेंगाळलेला. आठ आठवड्यांच्या वर गेला की तो मोठ्या माणसांमधला जुनाट खोकला. लहान मुलांमध्ये हीच मर्यादा चार आठवड्यांची. पण थांबा! ही झाली जगाची फूटपट्टी. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो, म्हणून आपल्याकडे नियम कडक आहे. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच. सरकारी केंद्रात ती फुकट होते. दहा आठवडे सिरपं बदलत बसलेल्या माझ्यासारख्या ‘सुशिक्षित’ बाईनं हे ऐकून काय चेहरा केला असेल ते तुम्हीच इमॅजिन करा.

पहिली पायरी म्हणजे साधा एक्स-रे. आपली आजी ज्याला फोटो म्हणते तोच. आणि आजी काही चुकीचं म्हणत नाही. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गला विल्हेल्म रॉन्टगेनला हे अदृश्य किरण सापडले आणि डिसेंबरमध्ये त्यानं बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी. १९०१ मधलं फिजिक्सचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं. छातीच्या फोटोचं तत्त्व आजही तेच. फुप्फुसात हवा असते, तिच्यातून किरण आरपार जातात, म्हणून ती काळी दिसतात. हाडं किरण अडवतात, म्हणून पांढरी. काळ्या जागेत जिथे नको तिथे पांढरं दिसलं की डॉक्टर चष्मा नीट करतात. तिथे न्यूमोनिया असू शकतो, टीबी असू शकतो, पाणी असू शकतं, गाठ असू शकते.

काढायला वेळ किती? आपला इन्स्टा फिल्टर निवडायला लागतो त्याहून कमी. गळ्यातली चेन, मंगळसूत्र काढायचं, छाती प्लेटला टेकवायची, खांदे पुढे घ्यायचे, मोठा श्वास घेऊन धरायचा. खट्! झालं. दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल तर आधी सांगायचं, एवढी एकच महत्त्वाची अट.

मग सीटी का नको?

माझा हट्ट कायम. ‘डॉक्टर, पण सीटीत जास्त दिसतं ना?’

‘दिसतं ना. म्हणूनच सगळ्यांचा काढायचा नाही,’ ते म्हणाले.

सीटीची गोष्टही भारी आहे. गॉडफ्री हाउन्सफील्ड नावाच्या इंग्लिश इंजिनीअरनं तो बनवला आणि त्याची कंपनी होती ईएमआय. हो हो, रेकॉर्डवालीच! १९७१ मध्ये लंडनला पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅकबरोबर त्याला नोबेल मिळालं. एक्स-रे म्हणजे अख्ख्या ब्रेडचा समोरून काढलेला फोटो, तर सीटी म्हणजे ब्रेडची एकेक स्लाइस उलगडून बघणं. हृदयाच्या मागे लपलेला कोपराही त्यात दिसतो. श्वासनलिका रुंदावल्या असतील किंवा फुप्फुसाची जाळी जाड होत असेल, तर एक्स-रेला न दिसलेलं सीटीला दिसू शकतं.

पण किंमत फक्त पैशांची नाही. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी किरणोत्सर्ग मिळतो. म्हणजे माती, दगड, आकाशातून आपल्याला दहाएक दिवसांत आपोआप मिळतो तेवढा. नेहमीच्या सीटीत सहाच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन वर्षांचा कोटा एकाच दुपारी. एका सीटीत साठेक एक्स-रे झाले. गरज असेल तर तो घ्यायलाच हवा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पॅकेजमध्ये आहे म्हणून?

दुसरी गंमत म्हणजे सीटी इतकं बारीक बघतो की त्याला निरुपद्रवी ठिपकेही दिसतात. जुन्या इन्फेक्शनचे व्रण, कधीच त्रास न देणाऱ्या बारक्या गाठी. मग रिपोर्टमध्ये एक लांबलचक शब्द येतो, तुम्ही तो रात्री दोन वाजता गूगल करता आणि पुढचे सहा महिने पुन्हा स्कॅन, पुन्हा टेन्शन. खोकला राहतो बाजूला.

म्हणून डॉक्टरांचा हिशोब असा. तपासणी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल आणि धोक्याची खूण नाही, तर लगेच सीटी नको. आधी नेहमीचे संशयित पकडा. नाकातून मागे घशात उतरणारा स्राव, दमा (धाप न लागता नुसत्या खोकल्याचाही असतो), आणि रात्री साडेअकराला बिर्याणी खाऊन लॅपटॉपसकट आडवं झाल्यावर वर चढणारं ॲसिड. यातलं काहीच एक्स-रेत दिसत नाही. नॉर्मल एक्स-रे म्हणजे ‘तुला काही झालेलं नाही’ असं नव्हे. शोध दुसरीकडे करायचा, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्यावर नीट उपचार करूनही खोकला हटला नाही, एक्स-रेत काही दिसलं, किंवा रक्त, घटणारं वजन, धाप, बसलेला आवाज, वर्षानुवर्षांची सिगरेट अशी खूण असली, की मग सीटी.

माझा एक्स-रे स्वच्छ आला. बेडक्याची तपासणीही निगेटिव्ह. व्हिलन निघालं माझं नाक! नाकात मारायचा स्प्रे, तोही योग्य पद्धतीनं मारायला शिकले, आणि महिन्याभरात मीटिंगमध्ये बॉसचं वाक्य पूर्ण ऐकू यायला लागलं. (ते काही फार चांगलं नव्हतं, ते सोडा.) हेल्थ पॅकेज कॅन्सल.

फोटो दिसला, पुढे काय?

मावशींच्या बाबतीत मात्र हीच पहिली पायरी सगळं काही ठरवणारी होती. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. गाड्यांमधून एक्स-रे मशीन घेऊन लोक गावोगाव फिरले. त्यात सापडलेल्या टीबी रुग्णांपैकी ४२.६ टक्के फक्त एक्स-रेमुळे सापडले. नुसतं ‘खोकला आहे का, ताप आहे का’ विचारत बसले असते तर हे निसटले असते. म्हणजे खोकला नसतानाही फोटो बोलतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत म्हणूनच हातात धरायची एक्स-रे मशीन वस्त्यांवर नेण्यावर भर होता.

पण दुर्गम भागात फोटो काढला तरी तो वाचणारा रेडिऑलॉजिस्ट कुठून आणायचा? इथे आपल्या आयटीवाल्या वाचकांची कॉलर ताठ होईल. एक्स-रे वाचून टीबीचा संशय सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या स्क्रीनिंगसाठी मान्यता दिली, आणि असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी आहे. पुढची पायरी म्हणजे बेडक्यातल्या जंतूंची जनुकीय चाचणी. त्यातली बॅटरीवर चालणारी ट्रूनॅट ही गोव्याच्या मोलबायोची. हे लक्षात ठेवा, की फोटोनं फक्त संशय येतो, शिक्का बेडक्याची तपासणी मारते. नुसता एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरू करणाऱ्याला ‘बेडका तपासायचा का?’ हे जरूर विचारा.

आणि यापुढची गोष्ट कुठल्याच मशीनमध्ये दिसत नाही. भूक. उपाशी शरीर टीबीच्या जंतूला अडवू शकत नाही. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला जास्तीचा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन एक अभ्यास झाला. २०२३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या घरांत हे धान्य गेलं, तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फक्त तांदूळ-डाळीनं! सरकार टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला पैसे देतं. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. आपल्या एका वीकेंड ब्रंचचं बिल काढून बघा आणि मग ठरवा हे पुरे की अपुरं. १९९२ मध्ये वावर-वांगणीचं नाव भुकेमुळे पेपरात आलं होतं. छातीच्या फोटोतला तो पांढरा डाग त्याच भुकेचा शेजारी आहे.

आता तुमचा होमवर्क

स्वतःचा खोकला आठवड्यांत मोजा, सिरपच्या बाटल्यांत नाही. दोन आठवडे झाले की तपासणी. डॉक्टरांना आधी सगळं सांगा, मग एक्स-रे, आणि सीटी डॉक्टर म्हणाले तरच. जुना फोटो फेकू नका, नव्याशेजारी लावून बघायला तो सोन्यासारखा असतो. आणि खोकत असाल तर मीटिंगला मास्क लावा, त्यात काय लाजायचं?

पण अजून एक आहे. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना गेला महिनाभर खोकला येतोय, हे तुम्हाला माहितीय. ऑफिसात फरशी पुसणाऱ्या ताई अलीकडे वाळल्यासारख्या दिसतात, हेही तुम्ही पाहिलंय. समोरच्या साइटवरचा मुलगा लिफ्टजवळ वाकून खोकतो, तेव्हा आपण बटण पटकन दाबतो. त्यांच्यातलं कुणीतरी कुठल्यातरी वांगणीहूनच आलेलं असतं. त्यांना सिरप आणून देऊ नका. मावशींचा प्रश्न विचारा, ‘फोटो काढला का छातीचा?’ आणि नसेल काढला तर अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवून द्या. पगार न कापता. जाण्यायेण्याचं भाडंही द्या.

परवा आशाताईंचा फोन आला होता. मावशींचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, शेवटची तपासणीही चांगली आली. मग त्यांनी फोन मावशींकडे दिला. इकडचं तिकडचं काही नाही, पलीकडून थेट प्रश्न,

‘काढलास का गं फोटू?’

‘काढला, मावशी. चांगला आलाय.’

‘मग जेव नीट,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.